भाड्याचा मोबाइल पत्ता: घ्यावा का, आणि घेतलाच तर कसा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. साडीच्या दुकानाला रोज रील हवी असते, फराळवाल्या काकूंना आलेल्या मेसेजना तासाभरात उत्तरं जायला हवी असतात, गुहागरच्या होमस्टेवाल्यांना सुट्ट्यांची जाहिरात आज संध्याकाळीच लावायची असते. नेमकं तेव्हाच इन्स्टाग्राम विचारतं, ‘हे तुम्हीच का?’ ओटीपी जातो दुकानमालकाच्या फोनवर. मालक गल्ल्यावर, गल्ल्यापुढे गर्दी, फोन पिशवीत. तिसऱ्यांदा असं झालं की ऑफिसातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “एक मोबाइल प्रॉक्सी घेऊन टाकू या, कटकट मिटेल.” टेलिग्रामवर जाहिराती असतातच. दहा मिनिटांत पैसे गेलेले असतात.

मीही असेच घालवले आहेत. ती हकीकत पुढे येईलच. दुसऱ्यांची खाती रीतसर सांभाळून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हा लेख आहे. खोटी खाती उभी करून लाइक विकणाऱ्यांना यात काही मिळणार नाही.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमचा लॅपटॉप इन्स्टाग्रामशी थेट बोलत नाही, या मधल्याला सांगतो. तो पुढे निरोप देतो आणि इन्स्टाग्रामला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दिसतो त्याचा. हा मधला एखाद्या डेटा सेंटरमधला सर्व्हर असेल तर पत्त्यावरूनच शंका येते, कारण दुकानदार काही डेटा सेंटरमध्ये बसून रील टाकत नाही. मोबाइल प्रॉक्सीत त्या जागी सिमकार्ड घातलेला मोडेम किंवा साधा फोन असतो. त्यामुळे पत्ता दिसतो जिओचा, एअरटेलचा नाहीतर व्हीचा.

या पत्त्याला बाजारात एवढा भाव का, ते समजून घेतलं तर विक्रेत्याच्या अर्ध्या थापा आपोआप ओळखता येतात. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जगात मिळून सुमारे 429 कोटी. आपल्या भागातलं वाटप पाहणाऱ्या एपनिक या संस्थेचा साठा 15 एप्रिल 2011 रोजी शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत येऊन ठेपला. जिओची सेवा सुरू झाली 5 सप्टेंबर 2016 ला. कोट्यवधी नवे फोन आले आणि वाटायला पत्ते नव्हते. मग मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे बसवतात. यासाठीच एप्रिल 2012 मध्ये 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. मोबाइल डेटा चालू असताना फोनच्या सेटिंगमध्ये यातला पत्ता दिसला, तर तुम्हीही त्या गर्दीतच आहात.

जुन्या चाळीसारखं आहे हे. साठ बिऱ्हाडं, नळ एक. एका बिऱ्हाडाने बिल थकवलं म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडता येत नाही. इन्स्टाग्रामलाही एका मोबाइल पत्त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, कारण त्यामागे शेकडो सरळ माणसं असतात. मोबाइल प्रॉक्सीचा सगळा धंदा या एका अडचणीवर उभा आहे.

विक्रेते एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर, जिओवर तर विशेषच, फोन आता मोठ्या सेवांशी बहुतेक वेळा नव्या पद्धतीने, म्हणजे आयपीव्ही6 ने बोलतो. तिथे पत्त्यांचा तुटवडा नाही, प्रत्येक फोनला पत्त्यांचा स्वतःचा वेगळा पट्टा मिळतो. म्हणजे चाळ संपली आणि प्रत्येकाच्या दारावर पाटी आली. ‘गर्दीत तुम्ही दिसणारच नाही’ हे आश्वासन आयपीव्ही4 पुरतंच आहे, तेही अर्धवट.

अर्धवट अशासाठी की पत्ता ही अनेक खुणांपैकी फक्त एक. कोणतं उपकरण, ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकीज, टाइप करण्याची आणि फिरण्याची पद्धत, कोणत्या खात्यांनी एकाच मिनिटाला एकच मजकूर टाकला, हे सगळं प्लॅटफॉर्म पाहतं. 1 एप्रिल 2019 रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकने काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची 687 पानं आणि खाती काढून टाकली. त्याच दिवशी सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी संबंधित लोकांची पंधरा पानं, गट आणि खातीही गेली. मागच्या माणसांनी ओळख लपवायचा प्रयत्न केला होता, पण कारवाई त्यांच्या वागण्यावरून झाली, असं फेसबुकने सांगितलं होतं. पत्ता बदलून वागणं लपत नाही.

तेव्हा विकत घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला क्लायंटच्या पासवर्डने लॉगिन करावं तरी का लागतंय? फेसबुकच्या अटींनुसार पासवर्ड दुसऱ्याला देणं मुळात चालतच नाही. मेटा बिझनेस सूटमध्ये क्लायंट आपल्या पानाची आणि प्रोफेशनल इन्स्टाग्राम खात्याची परवानगी तुमच्या संस्थेला भागीदार म्हणून देऊ शकतो. मग तुम्ही तुमच्या स्वतःच्या लॉगिनने पोस्ट टाकता, मेसेजना उत्तरं देता, जाहिराती चालवता. पाच क्लायंट असोत की पंचवीस, एका ऑफिसच्या वायफायवरून हे सगळं केलं तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण कोण कुणासाठी काम करतंय हे मेटाला तुम्हीच सांगितलेलं असतं. यूट्यूब स्टुडिओत मॅनेजर आणि एडिटर अशा परवानग्या देता येतात. लिंक्डइनच्या पानाला ॲडमिन नेमता येतो. माझ्या अंदाजाने प्रॉक्सी शोधत आलेल्या दहातल्या सात-आठ जणांचं काम इथेच संपतं.

उरलेल्यांची अडचण खरी असते. बिझनेस सूटमधून सगळं होत नाही. स्टोरीतले काही स्टिकर, ॲपमधलं संगीत, लाइव्ह जाणं यांसाठी फोनमधल्या ॲपमध्ये शिरावंच लागतं. यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन काढायचा, त्यात संस्थेच्या नावावरचं सिम घालायचं आणि तो फोन एका क्लायंटलाच वाहून टाकायचा. लॉगिन एकदाच, मालकाला शेजारी बसवून, ओटीपी त्यांच्याच हातून. त्यानंतर खातं त्या फोनवर, त्याच नेटवर्कवर महिनोन् महिने चालू राहतं. उपकरण तेच, कुकी तीच, मोबाइल पत्ता कंपनीचा आणि अस्सल. भाड्याने यापेक्षा चांगला मोबाइल प्रॉक्सी मिळत नाही. खर्च महिन्याच्या रिचार्जचा.

फक्त सिमच्या बाबतीत गलथानपणा नको. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त 9 सिम ठेवता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे 6. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी 50 हजारांपर्यंत आणि नंतर 2 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं, एकदा बघून घ्या, मी पाहिलं तेव्हा एक नंबर मला आठवतसुद्धा नव्हता. संस्थेसाठी घ्यायचं तर सरळ व्यावसायिक जोडणी घ्या. डिसेंबर 2023 पासून तिच्यात प्रत्येक सिम वापरणाऱ्या माणसाचंही केवायसी लागतं. भाच्याच्या, ड्रायव्हरच्या, स्वयंपाकाच्या मावशींच्या नावावर सिम काढून ठेवणारे ‘हुशार’ लोक मी पाहिले आहेत. उद्या त्या नंबरवरून काही भानगड झाली तर पोलीस मावशींच्या दारात जातील, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

मग भाड्याचा प्रॉक्सी लागतो कुणाला? क्लायंट दुसऱ्या देशात आणि टीम इथे, अशांना. पुण्यात बसून दुबईतल्या मराठी माणसाच्या खानावळीचं खातं चालवायचं आहे, सकाळी मालक तिकडून लॉगिन करतो, दुपारी तुम्ही इकडून, आणि खातं कुलूपबंद होतं. किंवा क्लायंटची जाहिरात दुसऱ्या देशातल्या मोबाइलवर खरोखर दिसते का, लिंक दाबल्यावर बरोबर पान उघडतं का, हे तपासायचं असतं. तपासणीचं काम भाड्याच्या प्रॉक्सीवर बिनधास्त करा, त्यात कुणाचं खातं पणाला लागलेलं नसतं. खानावळीसाठी मात्र मी आधी मालकालाच विचारेन, की तुमच्या गल्ल्याखाली एक फोन कायम चार्जरला लावून ठेवता येईल का? टेलस्केलसारखं साधन त्या फोनवर बसवून त्याला बाहेर पडण्याचं दार करता येतं. मग पुण्यातल्या लॅपटॉपची वाहतूक दुबईतल्या मालकाच्याच सिमवरून जाते. मालकाला काय चाललंय हे माहीत असतं आणि मध्ये तिसरा कुणी नसतो. फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग त्या ॲपपुरती बंद करायला विसरू नका, नाहीतर दार मध्यरात्री आपोआप बंद होतं. अमिरातीत गुन्हा करण्यासाठी पत्ता लपवणं 2021 च्या सायबर कायद्याखाली जबर दंडाचं आहे. तुमचं काम सरळ असलं तरी व्यवस्था मालकाच्या लेखी संमतीनेच उभी करा.

हे काहीच जमण्यासारखं नसेल तर भाड्याने घ्या. आता माझी हकीकत.

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी ‘अमर्याद डेटा, दर पाच मिनिटांनी नवा पत्ता’ अशी योजना घेतली. नवा पत्ता म्हणजे जास्त सुरक्षित, अशी माझी भाबडी समजूत. चार खाती त्यावर चढवली. संध्याकाळपर्यंत दोन बंद. नोंदी काढून पाहिल्या तर फराळवाल्या काकूंचं खातं एका तासात मुंबई, कोलकाता आणि चंडीगडला जाऊन आलं होतं. चकल्या तळता तळता! मला त्यांना दिवसभर ओटीपीसाठी फोन करावे लागले ते वेगळंच. खातं परत मिळायला आठ दिवस लागले, आणि तो आठवडा नेमका ऑर्डरींचा होता.

तेव्हा पहिला निकष पत्ता स्थिर राहण्याचा. लॉगिन केलेल्या खात्यासाठी वारंवार फिरणारा पत्ता मुळीच नको. तो लोकांनी वेबपानांवरचे दर वगैरे गोळा करण्यासाठी बनवला आहे. तुम्हाला हवा एक ठरलेला मोडेम, ठरलेली कंपनी, ठरलेलं शहर. मोबाइल पत्ता अधूनमधून बदलणारच, मोडेम पुन्हा नेटवर्कला जोडला गेला की बदलतो, आपल्या फोनचंही तेच होतं. पण बदलून तो त्याच कंपनीत आणि त्याच भागात राहिला पाहिजे. पत्ता बदलायचं बटण तुमच्या हातात आहे की दुसऱ्या ग्राहकाच्या, हे नक्की विचारा. स्वस्त योजनांत एकाच मोडेमवर अनेक भाडेकरू असतात. शेजाऱ्याने बटण दाबलं की तुमचं अर्धवट अपलोड झालेलं रील गेलं. शेजारी रात्रभर स्पॅम करत असेल तर सकाळी त्याच पत्त्यावर तुम्ही असता. म्हणून मोडेम स्वतंत्रच घ्या, महाग पडला तरी.

दुसरा निकष माझ्या मते पहिल्याहून मोठा आहे, पण लोक तो विचारातच घेत नाहीत. हा पत्ता आला कुठून? मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने 911 एस5 नावाचं जाळं उद्ध्वस्त केल्याचं जाहीर केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट ॲपमधून लोकांच्या संगणकांत गुपचूप दार उघडलं जायचं आणि ते पत्ते प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले जायचे. 190 हून अधिक देशांतले 1 कोटी 90 लाख पत्ते त्यात होते. ज्यांच्या घरून ही वाहतूक जात होती त्यांना पत्ताही नव्हता. ते जाळं घरगुती संगणकांचं होतं, पण मोबाइल ॲपमध्ये असाच तुकडा घालून फोनचा डेटा विकता येतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: मोडेम तुमच्या मालकीचे आहेत का, कुठे ठेवलेत, सिम कुणाच्या नावावर आहेत, कंपनीशी काय करार आहे? सिमवरचं इंटरनेट तिसऱ्याला विकायला मोबाइल कंपन्यांच्या अटींत सहसा मनाई असते, तेव्हा या शेवटच्या प्रश्नावर भारतातला विक्रेता कसा चुळबुळतो ते बघा. ‘आमच्याकडे जगभरातले लाखो मोबाइल पत्ते आहेत’ असं कुणी म्हणालं तर एवढे मोडेम कुठल्या गोदामात मावतात, हेही विचारायला हरकत नाही.

जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. नाव-गाव नको, ओळखपत्र नको, फक्त क्रिप्टोत पैसे द्या, असं म्हणणारा सोयीचा वाटतो, पण सरकारच्या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार भारतातल्या व्हीपीएन आणि आभासी सर्व्हर पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायची असते. सेवेला प्रॉक्सी म्हणा की आणखी काही, ग्राहक कोण हेच माहीत करून न घेणाऱ्याच्या मोडेमवर शेजारी कोण असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. सॉक्स5 आणि एचटीटीपी हे प्रॉक्सीचे दोन्ही प्रकार चालतात का पहा. ब्राउझरपुरतं एचटीटीपी पुरतं, ॲपसाठी सॉक्स5 बरा. विक्रेत्याने ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा. त्याशिवाय त्याला फक्त तुम्ही कुठल्या साइटवर जाताय एवढं दिसतं. सर्टिफिकेट घेतलंत तर पासवर्ड आणि ग्राहकांचे मेसेजसुद्धा दिसतील.

एक दिवसाची चाचणी मिळते का बघा, आणि ती रात्री नऊला घ्या, दुपारी अकराला नाही. नऊ वाजता टॉवरवर सगळा गाव असतो. पत्ता तपासणाऱ्या कुठल्याही साइटवर जाऊन नेटवर्कचं नाव आणि क्रमांक वाचा. जिओचा क्रमांक एएस55836, एअरटेलच्या मोबाइल सेवेचा एएस45609. तिथे एखाद्या होस्टिंग कंपनीचं नाव निघालं तर तुम्हाला मोबाइलच्या दराने डेटा सेंटर विकलंय. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची विचारणा, कुठून जातेय आणि वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या कॉलच्या सोयीतून तुमचा खरा पत्ता बाहेर पडतोय का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. शहराचं नाव चुकलं म्हणून घाबरू नका. नाशिकमधला जिओचा फोन मुंबईचा दिसणं नेहमीचंच आहे, कारण वाहतूक बाहेर पडते ती मोठ्या शहरातल्या दारातून. उलट ‘येवल्याचाच पत्ता देतो’ अशी खात्री देणाऱ्यापासून जपा.

हिशेब दोन प्रकारांनी होतो, जीबीवर किंवा मोडेममागे महिन्याला. 40 एमबीची तीन रील रोज टाकली तर महिन्याला साडेतीन जीबीच्या आसपास. ते परवडतं. खरा डेटा खातो तो फीड चाळण्याचा चाळा, आणि ऑफिसातली मुलं ‘ट्रेंड बघतोय’ म्हणत तासन् तास तेच करतात. त्यासाठी त्यांचा स्वतःचा फोन आहे. जीबीवर घेणार असाल तर हे आधीच बजावा.

घेतल्यावर घाई नको. क्लायंटला सांगून, मालक फोनजवळ असेल अशा वेळी एकच खातं नव्या पत्त्यावर न्या. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवा, राखीव कोड मालकाच्या पाकिटात असू द्या. पहिले काही दिवस नेहमीच्याच वेळा, नेहमीचंच काम. पासवर्ड, ईमेल, फोन नंबर यातलं काही त्या आठवड्यात बदलू नका. एका खात्याला एक पत्ता आणि क्रोममध्ये एक स्वतंत्र प्रोफाइल. कुठलं खातं कधीपासून कुठल्या पत्त्यावर, हे वहीत लिहून ठेवा. खातं अडकल्यावर ती वहीच कामी येते. आणि अडकलंच तर पत्ता बदलून पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसू नका, मालकाच्या नेहमीच्या फोनवरून, त्यांच्या घरच्या नेटवरून खात्री करून द्या.

माझ्या ड्रॉवरमध्ये आज तीन जुने फोन आहेत. पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर क्लायंटचं नाव आणि रिचार्जची तारीख. भाड्याचा मोडेम एकच, तोही जाहिराती तपासण्यापुरता. फराळवाल्या काकूंचं खातं यातल्या कशावरच नाही. त्यांनी बिझनेस सूटमधून भागीदार परवानगी दिली, त्याला अकरा मिनिटं लागली. त्यातली सात फेसबुकचा पासवर्ड आठवण्यात गेली, आणि तो शेवटी सापडला डाळीच्या डब्यावर लिहिलेला.